‘दिवे लावले’ कळायला मेंदूच्या दोन्ही बाजू लागतात

विचारणा थोडक्यात अशी आहे. वडिलांना मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. ‘भाषेचं केंद्र डावीकडे असतं, त्यामुळे बोलणं वाचलं,’ असं घरच्यांना सांगण्यात आलं. बोलणं खरोखरच स्वच्छ आहे. उच्चार ठीक, वाक्यं सरळ, शब्द अडत नाहीत. पण टोमणा कळत नाही, विनोद डोक्यावरून जातो आणि काही सांगायला बसले की मूळ मुद्दा सोडून बोलण्याला फाटे फुटत राहतात. आई म्हणते, ‘हे अगदी कोरडे झालेत.’ शब्दांचा अर्थ डाव्या मेंदूत असेल, तर उजव्या बाजूला इजा होऊन तो बिघडला कसा?

मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर भाषा बिघडलेल्या माणसांबरोबर काम करण्यात वीसेक वर्षं गेली. ‘बोलणं वाचलं’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता लगेच विचारते, ‘आणि समजणं?’

आधी एक खात्री करून घेऊ, कारण इथे हमखास घोळ होतो. आपल्याकडे ‘उजव्या बाजूचा झटका’ म्हटलं की बऱ्याचदा उजवा हात-पाय लुळा पडला असा अर्थ असतो, आणि तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तुम्ही स्पष्टच ‘मेंदूची उजवी बाजू’ म्हटलंय आणि डावा हात जड आहे असंही लिहिलंय, त्यामुळे इथे गोंधळ नाही. वडील उजव्या हातानं लिहितात हेही तुम्ही सांगितलंय. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

आता मुद्दा. शब्दाचा अर्थ मेंदूच्या एकाच बाजूला ठेवलेला नसतो, तो दोन्हीकडे असतो. दोन्ही बाजू त्याच्याशी वागतात मात्र वेगवेगळ्या. डावी बाजू झटपट निवड करते, नको ते अर्थ बाजूला सारते आणि पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज बांधते. उजवी बाजू तेवढी घाई करत नाही. दूरचे, अंधुक, त्या क्षणी बिनकामाचे वाटणारे अर्थही ती थोडा वेळ जागे ठेवते. टोमण्याला, कोटीला, विनोदाला नेमके हेच बाजूला पडलेले अर्थ लागतात.

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येत असत. इजा उजव्या बाजूला, बोलणं अस्खलित. एकदा त्यांची मुलगी माझ्यासमोरच भावाविषयी वैतागून म्हणाली, ‘परीक्षेत दिवे लावलेत त्यानं!’ गृहस्थांचा चेहरा उजळला. ‘वा! कितवा आला?’ मुलीला वाटलं, बाबा मुद्दाम करतायत. मी थोड्या वेळानं, दुसऱ्याच विषयात असल्यासारखं दाखवत, त्यांना विचारलं, ‘काका, दिवे लावणे या वाक्प्रचाराचा अर्थ काय हो?’ ते म्हणाले, ‘उपरोधानं म्हणतात ना. काहीतरी घोटाळा करून ठेवणे.’ अगदी बरोबर. म्हणजे अर्थ डोक्यात होता, विचारल्यावर सापडतही होता. वाक्य वेगात कानावरून गेलं तेव्हा मात्र मुलीचा चढलेला आवाज, आधीचं बोलणं, तिचा चेहरा आणि हा दुसरा अर्थ यांची गाठ पडली नाही.

त्याच सुमारास डाव्या बाजूला इजा झालेल्या एक बाईही येत. त्यांना चमचा दाखवला की ‘ते... आपलं... वाटी... नाही, नाही’ असं होऊन त्या कपाळावर हात मारून घेत. आकडे एकापासून वीसपर्यंत धाडधाड म्हणत, पण ‘किती बोटं?’ विचारलं की अडकत. एवढं असूनही मी काही तिरकस बोलले की माझं वाक्य संपायच्या आत त्यांना हसू फुटे. नाव सांगता येत नव्हतं, खोच मात्र बरोबर कळत होती. या दोघांना शेजारीशेजारी बसवलं असतं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं असतं.

मग ‘भाषा डावीकडे’ ही समजूत आली कुठून? ती खोटी नाही, अर्धी आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकांपुढे लबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याला कित्येक वर्षं ‘तां’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच बोलता येत नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू पाहिला, तर इजा डाव्या बाजूला पुढच्या भागात होती. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ साली ब्रोकांनी स्पष्ट लिहिलं, की आपण डाव्या गोलार्धानं, म्हणजे मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागानं, बोलतो. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी डाव्या बाजूचाच, जरा मागचा भाग दाखवला. तिथे इजा झालेली माणसं घडाघडा बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि ऐकलेलं कळत नाही. तेव्हा वेर्निके २६ वर्षांचे होते. या दोन शोधांवर शंभर वर्षं पाठ्यपुस्तकं चालली.

पुढे जुन वाडा यांनी १९४९ साली एक चाचणी मांडली. गळ्याच्या एका बाजूच्या रोहिणीत औषध सोडून मेंदूची तेवढी बाजू काही मिनिटं झोपवायची आणि माणूस बोलू शकतो का ते पाहायचं. अशा चाचण्यांतून आकडे मिळाले, ते साधारण असे: उजव्या हातानं काम करणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांचं बोलणं डावीकडे असतं, तर डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचं. (वडिलांच्या हाताबद्दलचा मुद्दा तो हाच. ते डावखुरे असते तर मी जरा वेगळा विचार केला असता.) पण इथे नीट बघा. या सगळ्यांत मोजलं काय गेलं? मुख्यतः तोंडातून शब्द येतो की नाही, हे. बोलणं डावीकडे आहे हे यातून पक्कं झालं, आणि त्याच्या पाठोपाठ ‘अर्थही डावीकडे’ हे न तपासताच आत शिरलं.

ते तपासण्याची संधी १९६०च्या दशकात मिळाली. दोन गोलार्धांना जोडणारा, सुमारे २० कोटी तंतूंचा जाड पट्टा असतो, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, कशानंच आटोक्यात येत नव्हता अशा काही रुग्णांचा हा पट्टा शस्त्रक्रियेनं कापला गेला. रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी या रुग्णांवर प्रयोग केले. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते या कामासाठी. रुग्ण समोरच्या ठिपक्याकडे नजर लावून बसतो. ठिपक्याच्या डावीकडे क्षणभर एक शब्द चमकतो, समजा ‘चमचा’. डावीकडचं दृश्य आधी उजव्या गोलार्धात पोचतं, आणि पट्टा कापलेला असल्यानं पलीकडे जात नाही. ‘काय दिसलं?’ असं विचारलं तर रुग्ण म्हणतो, ‘काही नाही.’ बोलणारा डावा गोलार्ध खरंच सांगतोय, त्याला काहीच दिसलेलं नाही. पण पडद्याआड ठेवलेल्या वस्तूंमधून डाव्या हातानं चाचपून एक उचलायला सांगितलं, तर हात चमचा उचलतो. मुका म्हटलेल्या उजव्या गोलार्धानं शब्द वाचला, त्याचा अर्थ लावला, त्या अर्थाची वस्तूही शोधली. हा प्रयोग मी पहिल्यांदा शिकले तेव्हा रात्री नीट झोप लागली नव्हती.

एरन झायडेल यांनी नंतर अशाच काही रुग्णांच्या उजव्या गोलार्धाचा शब्दसंग्रह बारकाईनं तपासला. ऐकून कळणारे शब्द भरपूर निघाले. पण लिहिलेल्या दोन शब्दांचं यमक जुळतं का, असं विचारलं की उजवा गोलार्ध गडबडतो. अर्थ आहे, ध्वनीची उकल नाही. अर्थात हे रुग्ण बऱ्याच वर्षांपासून अपस्माराचे, त्यांच्या मेंदूची घडण कदाचित आधीच बदललेली. आणि अशा सगळ्याच रुग्णांत उजवीकडे इतकी भाषा सापडली नाही. म्हणून फक्त त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं बरोबर नाही.

धडधाकट माणसांतही हे पाहता येतं, युक्ती तीच. नजर मध्यावर स्थिर, आणि शब्द डावीकडे किंवा उजवीकडे २०० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ दाखवायचा. डोळा त्या बाजूला वळायलाच साधारण तेवढा वेळ लागतो, त्यामुळे शब्द आधी एकाच गोलार्धाच्या वाट्याला येतो. (इथे डावा डोळा, उजवा डोळा असं काही नसतं. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचा अर्धा भाग एका गोलार्धाकडे आणि अर्धा दुसऱ्याकडे जोडलेला असतो. ‘डावा डोळा झाका आणि सर्जनशील व्हा’ असले व्हिडिओ याच गैरसमजावर चालतात.) पट्टा शाबूत असल्यानं माहिती लगेच पलीकडे जाते खरी, पण ज्याला ती आधी आणि ठळक मिळाली त्याची छाप उत्तरावर राहते.

आता ‘नाव’ हा शब्द घ्या. नाव म्हणजे ओळख सांगायचं ते, आणि नाव म्हणजे होडी. पहिला अर्थ रोजचा, दुसरा कधीतरीचा. असा दुहेरी शब्द दाखवून मग दुसरा एक शब्द दाखवायचा, ‘अडनाव’ किंवा ‘वल्हं’, आणि तो ओळखायला किती वेळ लागतो ते मोजायचं. एका अर्थाचा शब्द लवकर ओळखला, तर तो अर्थ आत जागा होता असं समजायचं. मानसशास्त्रज्ञ याला प्रायमिंग म्हणतात. कर्ट बर्जेस आणि ग्रेग सिम्पसन यांनी १९८८ साली इंग्रजीतले असे दुहेरी शब्द घेऊन दोन्ही बाजूंना हा प्रयोग केला. दोन शब्दांमधलं अंतर ३५ मिलिसेकंद ठेवलं तेव्हा डाव्या गोलार्धात दोन्ही अर्थ जागे दिसले, उजव्यात फक्त रोजचा. अंतर ७५० मिलिसेकंद केलं, तर चित्र पालटलं. डाव्यानं रोजचा अर्थ ठेवून दुसरा दाबून टाकला होता, आणि उजवीकडे तो कमी वापरातला अर्थ आता वर आलेला होता.

पाऊण सेकंद म्हणजे बोलण्याच्या वेगात बराच मोठा काळ, दोन-तीन शब्द होऊन जातात. तोवर डाव्यानं ‘नाव’चा निकाल लावून फाइल बंद केलेली असते. आणि मग समोरचा म्हणतो, ‘...पण भोक पडलं आणि बुडालं की!’ आता होडीचा अर्थ परत कुठून आणायचा? तो उजवीकडे अजून तग धरून असतो. पुढच्या प्रयोगांत सगळं इतकं साफ निघालं नाही. वाक्याचा संदर्भ दिला की दोन्ही बाजूंचं वागणं बदलतं, त्यामुळे ३५ आणि ७५० हे आकडे नियम म्हणून पाठ करू नका. कल मात्र तोच दिसत राहिला.

मार्क बीमन यांनी याला पुढे एक चांगली कल्पना जोडली. त्यांचं म्हणणं असं, की शब्द ऐकला की डावीकडे त्याच्या अगदी जवळचे थोडे अर्थ जोरात पेटतात, उजवीकडे लांबलांबचे पुष्कळ अर्थ मंदपणे पेटतात. मंद, म्हणून एकेकटे ते काही कामाचे नाहीत. पण तीन शब्दांचे मंद प्रकाश एकाच जागी पडले तर? ‘पाय’, ‘काच’, ‘रडणं’. यातला कुठलाही एक शब्द ‘कापणं’ची फारशी आठवण करून देत नाही. तिन्ही एकत्र आले की पायात काच घुसून रडणारं मूल डोळ्यांसमोर उभं राहतं. १९९४ साली बीमन आणि सहकाऱ्यांनी अशाच त्रिकुटांवर प्रयोग केला. जवळच्या एका शब्दाचा फायदा डाव्या बाजूला अधिक झाला, तीन दूरच्या शब्दांच्या बेरजेचा उजव्या बाजूला.

याच गटानं २००४ मध्ये आणखी एक गंमत दाखवली. तीन शब्द द्यायचे आणि तिघांशी जुळणारा चौथा शोधायला सांगायचं. मी मराठीत हा खेळ असा खेळते: ‘मोरपीस, बटाटा, वादळ’. थोडा वेळ काहीच सुचत नाही आणि मग एकदम ‘डोळा!’ त्यांच्या प्रयोगात असं एकदम उत्तर सुचलं, त्याआधी साधारण ०.३ सेकंद उजव्या कानशिलामागच्या भागात, कानाच्या वरच्या पुढच्या पट्टीत, वेगवान विद्युतलहरींची उसळी दिसली. उत्तर पायरीपायरीनं काढलं तेव्हा ती दिसली नाही. माझे रुग्ण या खेळाला कंटाळतात हे मान्य करते, पण कोण कुठे अडतो हे मला त्यातून बरंच कळतं.

डाव्याचा दुसरा गुण म्हणजे अंदाज. १९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना ईईजीमध्ये, म्हणजे डोक्यावर तारा लावून काढलेल्या मेंदूच्या विद्युत-आलेखात, एक लाट सापडली. अर्थाला न जुळणारा शब्द आला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ती उंच उठते, म्हणून तिचं नाव एन-४००. पुढे १९९९ मध्ये कारा फेडरमायर आणि कुटास यांनी हीच लाट दोन गोलार्ध वेगळे करून मोजली. त्यांच्या प्रयोगाचा सांगाडा माझ्या वाक्यात बसवते. ‘तो दिवसभर गळ टाकून नदीकाठी बसला आणि संध्याकाळी टोपलीभर घेऊन आला ते...’ पुढे ‘मासे’ अपेक्षित. ‘खेकडे’ अनपेक्षित, पण त्याच घरातले. ‘ससे’ पार परके. शब्द डाव्या गोलार्धाला मिळाला की ‘खेकडे’ला लाट कमी उठते, ‘ससे’ला जास्त. डाव्यानं ‘मासे’ आधीच मनात धरलेले असतात, खेकडे त्यांच्या जवळपासचे म्हणून खपून जातात. उजव्या गोलार्धाला मात्र दोन्ही सारखेच चुकीचे. तो पुढचं ठरवून बसलेला नसतो, शब्द आल्यावर मागच्याशी लावून पाहतो.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाशी सगळ्यांत जवळचा धागा हाच आहे. फक्त अंदाजावर चालणारी बाजू उरली की समोरचा नेहमीच्या वाटेनं बोलतोय तोवर काही अडत नाही. हवापाणी, जेवण, औषधं, सगळं सुरळीत. अंदाज मुद्दाम चुकवणं हा विनोदाचा धर्मच असल्यानं तिथे माणूस उघडा पडतो. हिरम ब्राउनेल यांनी १९८३ मध्ये उजव्या बाजूची इजा असलेल्यांना विनोदाचा शेवट निवडायला दिला होता. धक्का देणारा शेवट हवा, हे त्यांना कळत होतं. पण मागच्या गोष्टीशी जुळणारा धक्का निवडण्याऐवजी ते कुठलाही विचित्र शेवट उचलत. अनपेक्षिताची जाणीव होती, ते मागे नेऊन जोडणं नव्हतं.

रूपकांबद्दल मात्र सावध राहा, कारण ‘डावं शब्दशः, उजवं रूपक’ हे वाक्य फार पसरलंय. त्याची सुरुवात एलेन विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांच्या १९७७च्या प्रयोगात सापडते. ‘जड अंतःकरण’ या अर्थाचा शब्दप्रयोग ऐकवून चार चित्रांतून एक निवडायचं होतं. उजव्या बाजूची इजा असलेले पुष्कळ जण भलंमोठं हृदय कष्टानं उचलून नेणाऱ्या माणसाचं चित्र निवडत आणि त्यात काही विचित्र आहे असं त्यांना वाटत नसे. पण ‘याचा अर्थ सांगा’ म्हटलं, की तेच लोक बरोबर सांगत. डाव्या बाजूची इजा असलेल्यांचं उलटं: चित्र बरोबर, सांगता मात्र येत नाही. माझे ‘दिवे’वाले काका आणि चमच्याला अडणाऱ्या बाई आठवल्या ना?

पुढे १९९४ मध्ये एका ब्रेन-स्कॅनमध्ये रूपक समजताना उजवी बाजू उजळली, २००४ मध्ये दुसऱ्यात डावी. भांडण काही वर्षं चाललं. बऱ्याच जणांना आता पटणारा तोडगा असा, की रूपक आहे की नाही यापेक्षा ते किती नवं आहे हे महत्त्वाचं. ‘नाकी नऊ आले’ म्हणताना नऊ आकडा कोणाच्या मनात येतो? तो वाक्प्रचार वापरून वापरून एकच शब्द झालाय, आणि साठवलेल्या शब्दासारखा डावी बाजू तो उचलते. कुणी पहिल्यांदाच ‘तिच्या बोलण्याला आज बुरशी आली होती’ म्हटलं, तर बुरशी आणि बोलणं यांच्यातला दूरचा दुवा शोधावा लागतो. उजव्या बाजूचं काम वाढतं ते तिथे. ‘दिवे लावले’ला दोन्ही लागतं. वाक्प्रचार साठवणीतला, पण आत्ता तो खरा घ्यायचा की उलटा, हे प्रसंगावरून ठरवायचं.

अर्थ ‘राहतो’ कुठे, याबद्दल थोडक्यात. अलेक्झांडर ह्यूथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सात जणांना दोन तासांहून जास्त गोष्टी ऐकवल्या आणि कुठल्या अर्थाच्या शब्दांना मेंदूचा कुठला ठिपका प्रतिसाद देतो याचा नकाशा काढला. माणसं, नाती, जागा, आकडे, स्पर्श, सगळ्यांचे ठिपके मेंदूभर, आणि दोन्ही गोलार्धांत जवळजवळ सारख्या प्रमाणात. या पसाऱ्याला बांधून ठेवणारी गाठ कानशिलामागच्या भागाच्या पुढच्या टोकाला असावी, असं सिमँटिक डिमेन्शिया या आजारावरून वाटतं. त्यात दोन्हीकडची ही टोकं झिजतात. ‘कोल्हा’ हळूहळू ‘कुत्रा’ होतो, मग नुसता ‘प्राणी’, मग ‘ते’. झीज डावीकडे जास्त असली तर आधी नावं जातात. उजवीकडे जास्त असली तर आधी ओळखीची माणसं परकी होतात.

जाता जाता: ‘डाव्या मेंदूची माणसं तर्कट, उजव्या मेंदूची कलावंत’ हे सोडून द्या. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हजाराहून जास्त लोकांचे स्कॅन तपासले, तेव्हा असे दोन प्रकारचे लोक सापडले नाहीत. कामं डावी-उजवी असू शकतात, माणसं नसतात.

आता वडिलांकडे. ‘काही नाही, मूड गेलाय’ म्हणून सोडू नका, आणि ‘मुद्दाम करतात’ असंही धरू नका. उजव्या बाजूच्या इजेत अनेकदा स्वतःतला बदल स्वतःलाच जाणवत नाही, त्यामुळे ‘तुम्हाला काही वेगळं वाटतं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर येणारच. स्पीच थेरपिस्टकडे न्या आणि स्पष्ट सांगा, की वस्तूंची नावं विचारण्याची चाचणी पुरणार नाही. ती ते शंभर टक्के पास होतील आणि अहवालात ‘भाषा अबाधित’ येईल. प्रसंगाचं चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावणं, आडवळणानं केलेली विनंती, उपरोध, दुहेरी शब्द, हे तपासायला हवं.

त्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं का, वाचताना ओळीची सुरुवात सुटते का? उजव्या बाजूच्या इजेत अनेकदा डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतं. ओळींचे पहिले शब्द गळालेला मजकूर कुणालाही भलताच लागेल, आणि आपण दोष अर्थाला देऊ. तसं असेल तर डाव्या समासात लाल उभी रेघ ओढून द्या आणि प्रत्येक ओळ तिथून सुरू करायची सवय लावा. दुसरं म्हणजे आवाज. डोळे मिटून त्यांना एकच वाक्य, समजा ‘तू आलास’, आनंदानं, रागानं, कंटाळ्यानं ऐकवा आणि भाव ओळखायला सांगा. आवाजातला भाव पकडण्यात उजव्या बाजूचा मोठा हात असतो. तो सुटत असेल, तर टोमणा सुटणारच. टोमण्यात शब्द गोड असतात आणि कडू असतो तो आवाज.

घरी मी काय करायला लावते? दुहेरी शब्दांचा खेळ. ‘पान’ म्हटल्यावर जेवढे अर्थ सुचतील तेवढे सांगायचे, घाई नाही. झाडाचं, वहीचं, विड्याचं, जेवणाचं. मग एक वाक्य द्यायचं आणि त्यात कुठलं पान बसतं ते निवडायचं. उलटही करायचं: ‘चाल’ हा शब्द चालण्यात, गाण्यात, बुद्धिबळात, हल्ल्यात वापरून दाखवा. विनोद सांगायचा तर शेवटच्या ओळीनंतर थांबा, आणि हसू आलं नाही तर त्यातला शब्द पुन्हा सांगून विचारा, ‘याचा दुसरा अर्थ काय होतो?’ दिव्यांवाले काका असे तीनेक महिन्यांनी दुसरा अर्थ स्वतः शोधायला लागले. हसू उशिरा यायचं, पण यायचं. मुलगी सांगायची, ‘बाबा आता कालच्या विनोदाला आज हसतात.’

आणि आईंना एवढं नक्की सांगा. ‘ठीक आहे, राहू दे, मी करते’ या वाक्यातला राग वडिलांना सध्या ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येतं ते, ‘ठीक आहे’. आणि ते खरंच निवांत बसून राहतात. त्याऐवजी आईंनी सरळ म्हणावं, ‘मला राग आलाय, तुम्ही मदत केली नाहीत म्हणून.’ एवढ्या वर्षांच्या संसारात असं शब्दांत मांडायची वेळ आली नसेल, अवघड जाईल. पण या वाक्यात लपलेला अर्थ काही नाही, जे आहे ते सगळं वरच आहे, आणि त्यांना ते कळेल.